बोट पोस्टरवर, बटण ओस: तिकीट-पानावर लोक भलतीकडे का दाबतात आणि ते कसं शोधायचं

नाटकाच्या प्रयोगाचं बुकिंग पान घेऊ. वर मोठं पोस्टर, खाली तारखा आणि वेळा, मग खुर्च्यांचा नकाशा, शेवटी ‘पुढे जा’. पान उघडतं, चालतं, पैसेही भरले जातात. तरी विक्री फारशी होत नाही, आणि तिकीटखिडकीवर फोन येत राहतात, “ऑनलाइन कुठनं काढायचं हो?”

अशा वेळी बिघाड बहुधा कोडमध्ये नसतो. पान दिसतं एक आणि वागतं दुसरंच. आलेला माणूस वाचत बसत नाही. कुठे दाबलं की काय होईल, याचा अंदाज तो रूपावरून बांधतो आणि बोट लावतो. तो कसला अंदाज बांधणार हे पान चालू करण्याआधी ओळखता आलं, तर निम्मं काम होतं. खाली दिलेला तपासणीचा क्रम होमस्टेच्या, क्लासच्या प्रवेशाच्या किंवा फराळाच्या मागणीच्या पानालाही लागू पडतो.

लक्षणं

- पोस्टरवर, चित्रावर किंवा साध्या मजकुरावर टॅप होतात, घडत मात्र काहीच नाही. यांना डेड क्लिक म्हणतात.
- एकाच जागी पटापट तीन-चार टॅप, म्हणजे रेज क्लिक. माणूस चिडलाय.
- तारीख निवडली, खुर्च्या निवडल्या, आणि ‘पुढे जा’ न दाबता माणूस गेला.
- बहुतेकांचं स्क्रोल एका ठरावीक जागी थांबतं, जणू पान तिथेच संपलं.
- कॉम्प्युटरवर ठीक चालतं, मोबाइलवर विक्री पडते.
- फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पानावर लिहिलेलं असतंच.

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा. आणि ‘बटणाचा रंग नारिंगी करून बघू’ हा मोह तूर्त आवरा. तो उपाय कधीतरी लागू पडतो, पण का लागू पडला ते कळत नाही, आणि पुढच्या नाटकाच्या पानावर तोच घोळ पुन्हा होतो.

१. आधी गळती मोजा (दहा मिनिटं, खर्च शून्य)

पाच आकडे काढा: पान किती जणांनी उघडलं, वेळ किती जणांनी निवडली, खुर्ची किती जणांनी, पैसे भरायला किती जण गेले, किती जणांचे भरले गेले. सगळ्यात मोठी घसरण कुठे आहे ते बघा. ती शेवटच्या दोन आकड्यांत असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. तो पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) किंवा यूपीआयचा विषय आहे. त्याआधी कुठे असेल तर बिघाड रूपात असण्याची शक्यता जास्त.

सोबत गूगलचं सर्च कन्सोल उघडून लोक काय शोधून पानावर येतात ते पाहा. ‘किती तासांचं आहे’, ‘पार्किंग आहे का’, ‘लहान मुलांना नेता येईल का’ असं शोधणारा माणूस तिकीट काढायला आलेलाच नसतो. त्याला उत्तर मिळालं आणि तो गेला, तर ती गळती नव्हे. पण वेळ आणि कालावधी पोस्टरच्या चित्रातच छापलेले असतील, तर ते फोनच्या पडद्यावर वाचता येत नाहीत आणि शोधातही सापडत नाहीत. ही दोन वाक्यं मजकूर म्हणून वर आणा.

२. पान धूसर करून बघा (पाच मिनिटं)

डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते दृष्टीच्या मधोमध जेमतेम दोन अंशांत, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. बाकी सगळं धूसर असतं, आणि नजर पुढे कुठे उडी मारणार ते त्या धूसर चित्रावरूनच ठरतं. म्हणून अक्षरं वाचता येणार नाहीत इतकं पान धूसर करायचं आणि काय उरतं ते बघायचं.

क्रोममध्ये एफ १२ दाबा, मोबाइलचं दृश्य चालू करून रुंदी ३६० पिक्सेल ठेवा. मग ‘मोअर टूल्स’मधून ‘रेंडरिंग’ उघडा आणि दृष्टिदोषांच्या यादीतून ‘ब्लर्ड व्हिजन’ निवडा. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नजर कुठे जाते ते कागदावर लिहा. शेजारी दुसरी यादी करा: माणसाने कुठल्या क्रमाने काय करावं अशी आपली इच्छा आहे. दोन्ही याद्यांत पहिल्या तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या तर बिघाड सापडायला सुरुवात झाली.

नाटकाच्या पानावर हमखास सापडणारा गुन्हेगार म्हणजे ‘हाउसफुल्ल’ची लाल पट्टी. नाट्यगृहाच्या दारात तो बोर्ड अभिमानाचा असतो. पानावर मात्र रविवारच्या एका प्रयोगाची पट्टी पोस्टरच्या कोपऱ्यात तिरकी चिकटवली, की धूसर चित्रात तेवढीच उरते आणि सगळेच प्रयोग संपले असं वाटतं. ती त्या तारखेच्या ओळीतच लावा.

तिथेच यादीतून रंगहीन दृश्यही निवडून बघा. जे फक्त रंगाने सांगितलंय ते इथे गायब होतं, आणि पुढचा मुद्दा तोच आहे.

३. खुर्च्यांचा नकाशा: सगळ्यात जास्त बोटं इथे अडकतात

वेबवर राखाडी म्हणजे ‘बंद’ हे लोकांच्या हाताला पक्कं बसलंय. तरी अनेक नकाशांत रिकामी खुर्ची फिकट राखाडी आणि विकलेली भरीव हिरवी असते, कारण कुणीतरी ‘हिरवा म्हणजे बुक झालं’ असा विचार केला. माणूस भरीव हिरव्यावर टॅप करतो, काही होत नाही, पुन्हा करतो. रेज क्लिकचा ढीग नेमका इथे सापडतो. खाली रंगांचा खुलासा दिलेला असतो, पण तो वाचायला कोणी स्क्रोल करत नाही.

बदल असा करा: विकलेली खुर्ची फिकट आणि फुलीची, टॅप न होणारी. रिकामी खुर्ची ठळक कडेची, आत क्रमांक. निवडलेली भरीव, बरोबरच्या खुणेसह. रंगाशिवायही तिन्ही वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे प्रेक्षक प्रत्येक प्रयोगाला असतातच.

मग आकार. ३६० पिक्सेल रुंदीतून दोन्हीकडचे सोळा-सोळा सोडले तर ३२८ उरतात. रांगेत २४ खुर्च्या असतील तर प्रत्येकीला जेमतेम साडेतेरा पिक्सेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभता-मानकात टॅपच्या जागेची किमान मर्यादा २४ बाय २४ पिक्सेल आहे (भोवती पुरेशी मोकळी जागा असेल तर थोडी सूट), आणि अँड्रॉइडची शिफारस ४८ची. म्हणजे अख्खी रांग एका पडद्यात बसवण्याचा हट्ट गणितातच बसत नाही. आधी ‘पुढचा भाग, मागचा भाग, बाल्कनी’ अशी निवड द्या, मग तेवढाच भाग मोठा दाखवा. नकाशा आडवा सरकणारा ठेवलात तर उजवीकडची शेवटची खुर्ची मुद्दाम अर्धी कापलेली दिसू द्या. पूर्ण खुर्चीवर कड संपली की रांग तिथेच संपली असं वाटतं. पान उभं स्क्रोल करतानाही हीच फसगत होते: पडद्याच्या तळाशी मोकळी पट्टी आली की लोक थांबतात.

‘मंच इकडे’ हे वर लिहायला विसरू नका. ते नसेल तर पहिली रांग कुठली हेच कळत नाही, आणि खुर्च्या निवडून झाल्यावर माणूस माघार घेतो.

४. दाबण्यासारखं काय दिसतं आणि खरंच काय दाबलं जातं

पानाचा स्क्रीनशॉट छापा. पान कधी न पाहिलेल्या एकाला लाल पेन देऊन सांगा, “जे दाबता येईल असं वाटतं त्याला गोल कर.” समजावून काही सांगू नका. मग कॉम्प्युटरवर पान उघडून फक्त टॅब कळ दाबत जा आणि चौकट जिथे जिथे थांबते त्याला निळ्या पेनने गोल करा.

लाल आहे पण निळं नाही: इथे लोक फसतात. पोस्टर, सावली दिलेलं कार्ड, गोल कडांच्या डबीत ठेवलेली ‘शनि. दु. ४’ ही वेळ, अधोरेखित शब्द. निळं आहे पण लाल नाही: हे बटण कुणाला बटण वाटलंच नाही. दोन्ही नसून प्रत्यक्षात टॅप होतं: डेव्हलपरने बटणाऐवजी साध्या डबीला क्लिक जोडलाय. ते त्याला दुरुस्त करायला सांगा, कारण स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी ते बटण अस्तित्वातच नाही.

वस्तू आपलं रूप दाखवून काय करता येईल ते सुचवते, हा विचार मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचा. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९८८ मध्ये तो डिझाइनमध्ये आणला आणि पुढे त्यात दुरुस्तीही केली: प्रत्यक्षात काय करता येतं ते वेगळं आणि त्याची खूण वेगळी. तिकीट-पानावरचा बहुतेक गोंधळ खुणांचा असतो.

उपाय दोन. खूण काढून टाका, किंवा खूण जे म्हणते ते खरं करा. पोस्टरच्या बाबतीत दुसरा उपाय स्वस्त पडतो: अख्खं कार्डच तारखांच्या यादीकडे नेणारी लिंक करा. बोटाला शिकवत बसण्यापेक्षा त्याचं ऐकणं सोपं. वेळेच्या डब्यांचंही तेच. त्या बटणासारख्या दिसतात ना, मग होऊ द्या बटणं.

५. देवनागरीच्या खोड्या

इंग्रजी साच्यावर मराठी मजकूर ओतला की काही खुणा आपोआप मरतात, आणि डिझाइन करणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या मूळ आराखड्यात त्या होत्या.

साच्यात बटणाचा मजकूर कॅपिटल अक्षरांत करण्याचा नियम असतो. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे बटण आणि शेजारचा मजकूर एकसारखे दिसू लागतात. तो फरक वजनाने किंवा भरीव पार्श्वभूमीने भरून काढावा लागतो.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलेलं असेल तर शिरोरेखा तुटते आणि ‘तिकीट’ची सुटी अक्षरं होतात. मराठी पानावर ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवून बाहेरचं लपवणाऱ्या डबीत मजकूर असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. बटणात किमान १.४, परिच्छेदात १.६ च्या आसपास ठेवा. फॉन्टचं फक्त साधं वजन लोड केलं आणि ठळक मागितलं, तर ब्राउझर अक्षरं नुसती फुगवतो आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरं भरून जातात. ठळक वजन वेगळं लोड करा.

अधोरेखा उकारांना धडकते, किंवा त्यांना टाळताना तुकडे तुकडे होते. मग ती लिंक वाटत नाही, छपाईचा दोष वाटतो. रेषा अक्षरापासून पाव अक्षरभर खाली सरकवली की प्रश्न सुटतो.

आणि शब्द. ‘सादर करा’ वाचून पुढे काय होणार ते कळत नाही. ‘२ तिकिटं घ्या, ₹ ६००’ वाचून कळतं. लांब मराठी शब्द दोन ओळींत मोडला तर बटण परिच्छेदासारखं दिसतं, म्हणून ३६० रुंदीवर प्रत्येक बटण एका ओळीत बसतंय ना ते स्वतः बघा.

६. कॉन्ट्रास्ट, पानाचं हलणं आणि वर बसलेले थर

कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, हवा तो असा: साध्या मजकुराला ४.५ ला १, मोठ्या मजकुराला आणि बटणाच्या कडेला ३ ला १. मजकुराचा क्रोममधलं लाइटहाउस तपासून देतं, पण बटणाची कड ते तपासत नाही आणि चित्रावरचा मजकूर नीट तपासत नाही. पोस्टरवर पांढरी अक्षरं असतील तर उन्हात फोन धरून बघा.

हलण्याचा त्रास जास्त लबाड. बोट खाली येईपर्यंत वर जाहिरात किंवा फॉन्ट लोड होतो, सगळं खाली सरकतं आणि भलतंच दाबलं जातं. हे हलणं मोजणारा आकडा म्हणजे सीएलएस, तो ०.१ च्या आत हवा. त्याच ‘रेंडरिंग’ खिडकीत ‘लेआउट शिफ्ट रीजन्स’ला खूण करा, सरकणारा भाग चमकून दिसतो. चित्रांना रुंदी-उंची लिहून दिली तरी बरंच थांबतं. टॅपनंतर प्रतिसादाला किती वेळ लागतो तेही बघा. आयएनपी हे माप मार्च २०२४ पासून गूगलच्या मुख्य मापांत आहे आणि ते २०० मिलिसेकंदांच्या आत असावं. उशीर झाला की माणूस पुन्हा दाबतो, आणि रूप निर्दोष असूनही रेज क्लिक नोंदला जातो.

थरांचं झटपट बघा. कुकीची पट्टी, व्हॉट्सअॅपचं गोल बटण, आणि मोबाइलच्या अॅड्रेस बारमुळे खाली दबलेलं ‘पुढे जा’, हे तिघे मिळून बरीच तिकिटं खातात. पानाच्या कोडमध्ये उंची १०० व्हीएच (पडद्याच्या उंचीचं माप) दिली असेल तर १०० डीव्हीएच (अॅड्रेस बारनुसार बदलणारं माप) करून पाहा. आयफोनवर रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर टाइप करताना पान आपोआप मोठं होतं आणि बटण पडद्याबाहेर जातं.

७. हीटमॅप आणि रेकॉर्डिंग (एक आठवडा)

मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे फुकट साधन टॅप कुठे जास्त पडतात त्याचा रंगीत नकाशा (हीटमॅप) आणि लोकांच्या वापराचं रेकॉर्डिंग देतं, आणि डेड क्लिक, रेज क्लिक वेगळे काढून देतं. मोबाइल आणि ‘तिकीट न काढलेले’ अशी चाळणी लावून वीस-तीस रेकॉर्डिंग बघा. त्याहून जास्त बघून फारसं नवं सापडत नाही, झोप मात्र येते.

हीटमॅप वाचताना चूक होते ती अशी: पोस्टर मोठं आहे म्हणून स्क्रोल करणारा अंगठाही तिथे टेकतो, आणि काही लोक मजकूर निवडायला टॅप करतात. नुसता लाल डाग बघून निष्कर्ष काढू नका. टॅपनंतरच्या तीन सेकंदांत माणसाने काय केलं ते बघा. तो थांबला, पुन्हा टॅप केलं, मग मागे गेला, तर त्याची अपेक्षा फसली.

नाव, फोन नंबर, ईमेलचे रकाने रेकॉर्डिंगमध्ये झाकलेले आहेत याची आधी खात्री करा आणि नोंद होते हे पानावर सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ लक्षात असू द्या.

८. नजरेचा अंदाज सांगणारी साधनं: कुठपर्यंत विश्वास ठेवायचा

पान अजून लोकांसमोर गेलेलं नसेल तर सेलियन्सी नकाशा, म्हणजे नजर कुठे ओढली जाईल त्याचा नकाशा, काढता येतो. इत्ती, कॉख आणि नीबर यांनी १९९८ मध्ये मांडलेलं प्रारूप रंग, उजळपणा आणि दिशा यांतल्या फरकावरून लक्ष कुठे ओढलं जाईल ते सांगतं. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या कोडसंचाच्या कॉन्ट्रिब पॅकेजमध्ये असा नकाशा काढणारी स्पेक्ट्रल रेसिड्युअल पद्धत तयार आहे. पायथॉनच्या दहा-बारा ओळी, आणि स्क्रीनशॉटवर उजळ डाग मिळतात.

हे डाग हेतू नसलेल्या डोळ्याचे असतात. नजरेच्या हालचालींचे अभ्यासक यार्बुस यांनी चित्रकार रेपिनच्या एकाच चित्रासमोर माणसाला बसवून वेगवेगळे प्रश्न विचारले, तर दरवेळी नजरेचा मार्ग बदलला. तिकीट काढायला आलेला माणूस तारीख शोधतो, नायिकेचा चेहरा नाही. शिवाय झगमगीत पट्टीला लोक जाहिरात समजून गाळतात. बेनवे आणि लेन यांनी १९९८ मध्ये याला बॅनर ब्लाइंडनेस नाव दिलं. म्हणून बटण सगळ्यात उजळ करून वर आडव्या पट्टीत ठेवलं, की सेलियन्सी नकाशा खूश होतो आणि माणूस ते ओलांडून जातो.

स्क्रीनशॉट एआयला दाखवून ‘इथे माणूस काय दाबेल’ असं विचारणंही उपयोगी आहे, पण तो पानावरचा बारीकसारीक मजकूर शांतपणे वाचतो; रिक्षात बसलेला माणूस वाचत नाही. या दोन्ही साधनांचा उपयोग दुसऱ्या तपासणीतली तुमची यादी पडताळण्यापुरता करा.

९. पाच माणसं

कुटुंबातली, ऑफिसमधली चालतील; पान आधी पाहिलेलं नको. फोन त्यांचाच. काम सांगताना बटणावरचा शब्द वापरायचा नाही. “शनिवारी आईबाबांना पाठवायचंय, दोघांना खालीच बसायचंय, जिने नकोत” एवढंच सांगा आणि पहिला टॅप कुठे पडतो ते लिहा. तो चुकला की पुढचं सगळं लांबतं. मध्ये बोलू नका, “खाली बघ ना” तर अजिबात नाही.

पाचचा आकडा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांच्या २००० मधल्या हिशेबातला. एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडले तर ती जागा दुरुस्त करा आणि नवी पाच माणसं आणा.

दोन रूपं एकाच वेळी चालवून तुलना करण्याचा सल्ला लगेच मिळेल. आधी गणित करा. आत्ता १०० पैकी ४ जण तिकीट काढत असतील आणि ते ५ झाले की नाही हे खात्रीने कळायला हवं असेल, तर प्रत्येक रूपाला सुमारे ६,७०० माणसं लागतात. रोज ३०० येत असतील तर चाळीसहून जास्त दिवस, आणि तोवर प्रयोगच संपतील. लहान पानांना ते परवडत नाही. वरच्या दुरुस्त्या सरळ करून टाका, आणि आधीचे-नंतरचे आकडे पूर्ण आठवड्यांचे घ्या, कारण शनिवार-रविवारची गर्दी वेगळी असते.

कधी हात काढून घ्यायचा

- एकच खुर्ची दोघांना विकली जात असेल, किंवा निवडलेली खुर्ची काही मिनिटांत सुटत असेल. हा रूपाचा दोष नाही, खुर्ची राखून ठेवणाऱ्या सर्व्हरवरच्या कुलपाचा आहे. बुकिंग बंद ठेवा आणि डेव्हलपरला बोलवा.
- घसरण पैसे भरण्याच्या पानावर असेल. तिथलं रूप तुमच्या हातात नसतं. गेटवे कंपनीच्या सपोर्टला नोंदींसह लिहा.
- नकाशा बाहेरच्या कंपनीने दिलेला आणि पानात बसवलेला असेल. वरून सीएसएसने (रूप ठरवणाऱ्या कोडने) ओढाताण करू नका, पुढच्या अपडेटला सगळं मोडतं.
- स्क्रीनरीडरने तिकीट काढताच येत नसेल. याला सुलभतेचं काम केलेला माणूसच हवा.
- कोणी ‘शेवटची ३ तिकिटं’ असं खोटं लिहायला किंवा ₹ २० ची देणगी आधीच टिक करून ठेवायला सुचवत असेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ डार्क पॅटर्न सांगितले आहेत. खोटी घाई आणि गुपचूप भरलेली टोपली त्यांत आहेत. इथे डिझायनर नको, वकिलाला विचारा.
- दोन फेऱ्या करूनही पहिल्या तपासणीतले आकडे हलले नाहीत. यूएक्स संशोधकाला, म्हणजे लोक पान कसं वापरतात याचा अभ्यास करणाऱ्याला, बोलवा.

त्याला देण्यासाठी हे तयार ठेवा: पाच आकडे आधीचे आणि नंतरचे, लाल-निळ्या गोलांचा कागद, अडलेल्या माणसांची चार-पाच रेकॉर्डिंग, आणि कुठल्या तारखेला काय बदललं त्याची यादी. ही यादी नसेल तर त्याचा पहिला आठवडा तीच तयार करण्यात जातो आणि त्याचं बिल तुम्हाला येतं.